बालदमा आणि कारणाचा प्रश्न

बालदमा असलेल्या मुलाच्या श्वासनलिका अतिसंवेदनशील असतात. धूळ, परागकण, धूर, थंड हवा, कधी नुसती सर्दी, एवढ्यानेही नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. त्याच वर्गात, त्याच हवेत बसलेल्या इतर मुलांना काहीच होत नाही. मग दोष कुणाचा मानायचा, त्या मुलाच्या शरीराचा की हवेचा? हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. कारण म्हणून ज्याच्याकडे बोट जाते, जबाबदारीही त्याच्याच माथी येते.

घरोघरी बोट शरीराकडे जाते. ‘त्याला धुळीचं वावडं आहे’, ‘दमा घराण्यातच आहे’. अॅलर्जीचा कल आनुवंशिक असतो, तेव्हा यात तथ्य आहेच. पण पुढे ‘प्राक्तन’ म्हटले की विचार खुंटतो.

भारतीय दर्शनांनी कारणांत भेद केला आहे. घड्याचे उपादान कारण माती, निमित्त कारण कुंभार; दोहोंपैकी एक नसले तरी घडा होत नाही. दम्यात संवेदनशील श्वासनलिका हे उपादान आणि धूर हे निमित्त. उपादान मुलाने निवडलेले नसते. निमित्त बहुतेकदा मोठ्यांच्या हातातले असते.

लंडनच्या लुइशम भागात, वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला किस्सी-डेब्रा फेब्रुवारी 2013 मध्ये तीव्र दम्याने गेली. ती 9 वर्षांची होती. 2014 च्या मृत्युचौकशीत हवेचा उल्लेख नव्हता. तिच्या आईने पाठपुरावा केला, उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो निष्कर्ष रद्द केला आणि डिसेंबर 2020 मध्ये फेरचौकशीत श्वसन बंद पडणे व तीव्र दमा यांच्याबरोबर वायुप्रदूषणही मृत्यूचे कारण म्हणून नोंदले गेले. एलाचे शरीर दोन्ही चौकश्यांत तेच होते. दुसऱ्या वेळी निमित्तालाही कारण मानले गेले, एवढाच फरक. पण त्यामुळे रस्त्यावरच्या धुराचा जाब विचारता आला.

कर्मसिद्धान्त मानणाऱ्याचीही यातून सुटका नाही. मुलाचे दुखणे पूर्वकर्माचे फळ आहे असे घटकाभर धरले, तरी त्याच्याजवळ धूर करण्याची मुभा कुणाला मिळत नाही. धूप, उदबत्ती किंवा फटाका पेटवणाऱ्याचे ते स्वतःचे नवे कर्म असते, आणि शेजारच्या मुलाला दमा आहे हे माहीत असताना केलेले तर अधिकच जड. योगसूत्रांत अहिंसा हा पहिला यम आहे, आणि अजून न आलेले दुःख टाळावे, असेही तिथे सांगितले आहे. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला इनहेलर हे त्याचेच आचरण होय. ‘सवय लागेल’ या भीतीने तो बंद करणे मुलाला घातक ठरते.

राहतो श्रद्धेचा प्रश्न. 2015 मध्ये दिल्लीतील तीन तान्ह्या मुलांच्या वतीने फटाक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याचे कलम 25 हे जगण्याच्या हक्काच्या कलम 21 च्या अधीन मानले आणि दिवाळीत फटाक्यांना रात्री 8 ते 10 एवढीच वेळ दिली. धर्माच्या दृष्टीनेही हाच क्रम योग्य आहे. देवापुढे तुपाचे निरांजन पुरते. ज्या घरात किंवा वाड्यात दम्याचे मूल आहे, तिथे धूप आणि फटाके बंद ठेवावेत.