कुठे टेकवायचं, कुठे मोकळं सोडायचं

सुटीची सकाळ निवडा. जेवणाचं टेबल रिकामं करा, खिडकीचा पडदा बाजूला सारा. जुनं कॅबिनेट डावीकडे, नवं उजवीकडे. आतली सगळी मंडळी, म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, आहेत तीच राहणार आहेत. कॉम्प्युटर उद्या एका सेकंदानेही वेगवान होईल असं गृहीत धरू नका. तुम्ही फक्त पत्र्याचं एक खोकं बदलताय. मग नव्या खोक्यातून नेमकं काय मिळतं, हा प्रश्न मनात ठेवा. उत्तराची घाई नको.

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा. आता चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा मिणमिणता दिवा विझेल. प्लग काढला की वीज गेली असं आपण धरून चालतो, पण थोडी मागे रेंगाळते. तिला जाऊ द्या. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. त्याच्या कपॅसिटरांत ती बराच काळ दबा धरून बसते.

दोन्ही बाजूंची झाकणं काढा आणि हात न लावता नुसतं बघा. पंख्याच्या पात्याची पुढची कड करडी झालीय, मागची त्या मानाने स्वच्छ आहे. पुढच्या जाळीवर धुळीचा जाड पापुद्रा धरलाय. हार्ड डिस्कच्या रिकाम्या कप्प्यात मात्र जवळजवळ काहीच नाही. पुसायची घाई करू नका. धूळ ही इथे फिरलेल्या हवेची नोंद आहे. जिथे हवेचा रोजचा राबता होता तिथे धूळ आहे. जिथे नाही, तिथे हवाही फारशी फिरकलेली नाही. हा नकाशा डोळ्यांत साठवा आणि मगच ब्रश घ्या. पंखा झटकताना पातं बोटाने धरून ठेवा.

आता कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला तळवा टेकवा. थंडीच्या कोरड्या दिवसांत तर हे चुकवू नका. अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा चटका माणसाला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास. चिप बिघडायला त्याहून फार कमी पुरतं. म्हणजे तुम्हाला न कळताही नुकसान होऊ शकतं. आधी असा मुद्दाम स्पर्श केलात, तर नको असलेला पुढचा स्पर्श टळतो. काम करताना हा हात मधूनमधून पुन्हा टेकवत राहा.

ग्राफिक्स कार्ड काढताना स्क्रू आधी, मग स्लॉटची खिटी. खिटी विसरून कार्ड ओढणं हा या कामातला सगळ्यात ओळखीचा अविचार आहे. वायरी एकेक करून सोडवा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर घट्ट बसलेला असतो, त्याची कळ दाबून सरळ वर ओढा. प्रोसेसरवरचा कूलर शक्यतो तसाच राहू द्या. तो बोर्डाबरोबर उचलला जातो.

इथे थोडं थांबा. कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना चिकटून आहेत असं दिसतं. पण दोन्ही धातू कितीही गुळगुळीत असले तरी त्यांच्यात बारीक बारीक खाचा राहतात आणि त्यात हवा अडकते. तांबं हवेपेक्षा हजारो पटींनी चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून ही अडकलेली हवा घालवायला मध्ये थर्मल पेस्ट लावतात. आता नजर बोटभर वर न्या. कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्यात आणि तिथे पंखा हवाच ढकलतोय. खाली जी हवा अडसर होती, तीच इथे उष्णता घेऊन बाहेर पडते. फरक इतकाच की खालची कोंडलेली आहे, वरची वाहती.

बोर्ड कडेने धरून उचला. नव्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळेचे छोटे स्टँडऑफ दिसतील. घर जोत्यावर उभं राहावं तसा बोर्ड त्यांच्यावर उभा राहतो. बोर्डाच्या पाठीवर सोल्डरचे शेकडो ठिपके आहेत. त्यातले काही पत्र्याला टेकले तर शॉर्ट झालंच म्हणून समजा. स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी एकेक करून ताडून बघा. जिथे भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला असेल तर काढून टाका. कमी असला तर बोर्ड लवतो, जास्त असला तर जीवावर बेततो.

भोकं जुळतात याचंही थोडं नवल वाटू द्या. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सचा आराखडा ठरवला: बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकं अमुक जागी. ज्यांनी तो मान्य केला त्या कारखान्यांतली माणसं एकमेकांना कधी भेटलीही नसतील. तरी एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या पत्र्यावर बिनबोभाट बसतो. स्क्रू आधी सगळे नुसते धरवून घ्या, मग एकेक आवळा. हाताला अडल्यावर आणखी जोर नको.

पुढच्या बटणाच्या बारीक वायरी जोडताना मॅन्युअल उघडं ठेवा. दिव्याच्या वायरींना अधिक-उणे बघावं लागतं, बटणाच्या वायरींना नाही. कारण बटण दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, आणि त्या क्षणभराच्या जोडणीने सगळं मशीन जागं होतं.

पंख्यांची दिशा ठरवा: पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. आत येणारी थोडी जास्त ठेवा, म्हणजे हवा फटींतून न शिरता जाळीतून गाळून येते. वायरी पाठीमागे न्या, पण ताणून बांधू नका. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. नव्या खोक्यातून तुम्हाला मिळाल्या मोकळ्या जागा: बोर्डाखालची, पत्र्यांमधली, जाळीमागची. या यंत्रात काही गोष्टी घट्ट टेकल्याच पाहिजेत आणि काही कधीच टेकता कामा नयेत. आज तुम्ही सकाळभर हीच निवड एकेका स्क्रूने केलीत. चालू केल्यावर पडद्यावर काही आलं नाही तर घाबरू नका. आधी प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि रॅम बघा. तापमान उतरलं नाही, तर दोष खोक्याचा नव्हता, वाळलेल्या पेस्टकडे वळा.

आणि जुनं कॅबिनेट लगेच भंगारवाल्याला देऊ नका. पुसा, उरलेले स्क्रू आणि स्टँडऑफ एका पिशवीत घालून आतच बांधून ठेवा. पहिला कॉम्प्युटर जुळवणारं कुणी ना कुणी ओळखीत निघतं. त्याचा बोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, एटीएक्सचा असला की भोकं जुळतील.