दुखण्याची आठवण

विसरणे ही देवाची देणगी आहे, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. दाढ उपटली, मोडलेले हाड जुळले, बाळंतपण पार पडले, की ती कळ हळूहळू विरते आणि मागे सांगण्याजोगी गोष्ट तेवढी उरते. परंतु ज्याचे दुखणे जातच नाही त्याने काय विसरावे? आणि तो जर पंधरा-सोळा वर्षांचा असेल, तर?

माझ्या बहिणीच्या मुलीला नववीत असताना संधिवाताने गाठले. मुलांनाही संधिवात होतो, हेच आमच्यापैकी कित्येकांना तोवर ठाऊक नव्हते. डॉक्टर दर खेपेला विचारतात, "गेल्या महिन्यात किती दुखलं? शून्य ते दहामध्ये सांग." आपल्या भाषेत ठणका आहे, सणक आहे, ठसठस आहे, रग आहे, पण तिने उत्तर द्यायचे ते आकड्यात, आणि तेही आठवणीतून. ही आठवण मोठी लबाड. १९८५ साली डोकेदुखीच्या रुग्णांची पाहणी झाली, तीत असे दिसले की या घडीला डोके जोराने दुखत असेल तर मागचे दुखणेही होते त्याहून मोठे आठवते. १९९३ साली डॅनियल काहनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावले. दुसऱ्या एका खेपेस तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, मात्र या जादा वेळात पाण्याचा गारठा अंशभर कमी केला. पुन्हा कोणती खेप हवी, असे विचारता बहुतेकांनी लांबलेलीच पत्करली! शेवट बरा, म्हणून आठवण बरी. गंमत आहे खरी. पण जुनाट दुखण्याला शेवटच नसतो, मग त्याची आठवण बरी व्हायची कोठून? उलट ती पुढच्या दिवसांवर सावली धरून बसते. मागल्या सहलीत गुडघा आखडला, म्हणून पोरगी यंदाच्या सहलीचे नावच काढीत नाही.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या मेलानी नोएल यांनी मुलांच्या वेदनेच्या आठवणींचा पुष्कळ अभ्यास केला आहे. शस्त्रक्रियेतली वेदना मुलाला कशी आठवते, याचा त्याच्या पुढच्या दुखण्याशी संबंध असतो. आणि ती आठवण घडविण्यात आईबापांच्या बोलण्याचाही हात असतो, असे या अभ्यासांतून दिसते. म्हणजे घरची माणसे बोलून बोलून मुलाची आठवण बदलू शकतात. येथे माझे मन अडखळते. दुसऱ्याच्या वेदनेच्या आठवणीला हात लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हेतू चांगला असला म्हणून काय झाले?

गेल्या दिवाळीत फराळाला मंडळी जमली असता भाचीच्या गुडघ्यात दिलेल्या इंजेक्शनचा विषय निघाला. तिचे वडील म्हणाले, "छे, फार काही नव्हतं. पाच मिनिटांत झालं सगळं." त्यांना धीरच द्यायचा होता. पण ती गप्प झाली. चकलीचा तुकडा बशीत तसाच राहिला. ती पाच मिनिटे तिची होती, आणि तिच्यादेखत कोणीतरी ती खोडून टाकली होती. अशा मुलांना शाळेत, नातलगांत एरवीही 'दिसत तर काही नाही' हे ऐकावेच लागते. साक्षीला त्यांच्यापाशी आठवणीवाचून दुसरे असते तरी काय?

थोड्या वेळाने माझ्या आईने नातीला विचारले, "खूप दुखलं असेल ग. मग तू काय केलंस?"

"एकोणतीसचा पाढा म्हटला. मनातल्या मनात. दोनदा."

"आला?"

"दुसऱ्यांदा आला."

आईने दुखणे कणभरही कमी केले नव्हते. त्या पाच मिनिटांत सुईबरोबर आणखीही काही घडले होते, ते तिने विचारून घेतले इतकेच. आठवणीतून काही काढून टाकण्याचा हक्क मी कोणालाही देणार नाही, डॉक्टरांना नाही, जन्मदात्यांनाही नाही. पण दुखण्याच्या भरात जे नजरेआड झाले ते शोधायला हात लावणे, याला ढवळाढवळ म्हणवत नाही.

तरी सगळ्याच दिवसांना पाढा नसतो. पहाटे बोटे आखडून जाग येते तेव्हा धीरबीर काही नसतो, असे भाची सांगते. नुसती ती आणि तिची बोटे. त्या पहाटांविषयी आई काही विचारीत नाही. तिचे हात आपल्या हातांत घेऊन बसते. पोरीला वाटले तर ती बोलते, नाही तर नाही.