चाळीस किलो

पेणच्या बाजारात कुणी भेटलं आणि "किती कमी झालं गं?" असं विचारलं की मी चाळीस सांगते. 112 वरून 72. आकडा खोटा नाही. मात्र तो जठराच्या बायपास ऑपरेशननंतरच्या सोळाव्या महिन्यातल्या एका सकाळचा आहे. त्यानंतर काटा दर वर्षी थोडा थोडा वर सरकला आणि आज 80 दाखवतो. त्या आठ किलोंबद्दल मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. बाजारातल्या बायकांना नाही सांगितलं, याची मला फारशी टोचणी नाही. रोह्याच्या भाचीला नाही सांगितलं, हे मात्र रात्री झोपू देत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात ती पेणला आली होती. आमच्या गणपतीच्या कारखान्यात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मूर्तींच्या रांगांमधून वाट काढत ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, ऑपरेशन केलं की माझेही जातील ना चाळीस?" मी हातातला ब्रश खाली न ठेवता म्हटलं, "जातील गं. बघ ना माझ्याकडे." त्या दिवशी माझं वजन 77 होतं. सकाळीच बघितलं होतं.

ती तेव्हा 104 किलोची. तिला मधुमेह, शिवाय गुडघेदुखी. डॉक्टरांनी सांगितलेलं "साठ-सत्तर टक्के" तिने 104 चे सत्तर टक्के असं धरलं होतं. तसं नसतं, हे मला ठाऊक होतं, कारण मीही एकदा तसंच धरून फसले होते. ते टक्के जादा वजनाचे असतात. माझी उंची 155 सेंटिमीटर, तिचीही तेवढीच. त्या उंचीला 60 किलो हे योग्य वजन धरलं, तर माझे 52 किलो जादा होते आणि तिचे 44. म्हणजे सत्तर टक्के गेले तरी तिचे एकतीसच किलो जाणार होते, साठ टक्के गेले तर साधारण सव्वीस. हा हिशेब मी तिला पाठीमागच्या कॅलेंडरवर दोन मिनिटांत मांडून दाखवू शकले असते.

स्वीडनमध्ये अशा रुग्णांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी घटलं होतं आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली होती. थोडं वजन परत येणं हे या ऑपरेशनच्या वाटेवरच आहे. जठराची सुमारे 30 मिलिलिटरची पिशवी शिल्लक ठेवतात आणि तिला आतडं खालून जोडतात. सुरुवातीला दोन घासांत पोट भरतं, भूकही मरते. पुढे शरीर सरावतं, घास वाढतात. माझे अठ्ठावीस टक्के अजून टिकून आहेत. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, तरी मी लाजले. कारखान्यात बसल्या बसल्या तोंडात टाकलेले पोह्याचे पापड आठवायचे आणि वाटायचं, लोक म्हणतील एवढे पैसे घालवून हिने काय केलं.

बाकीचंही मी गाळलंच. मूठ मूठ गळलेले केस. बी 12, लोह, कॅल्शियम, जे आता जन्मभर घ्यायचं. पहिल्या गणपतीत एक अख्खा उकडीचा मोदक खाल्ला आणि घाम फुटून, छाती धडधडत मी आतल्या खोलीत आडवी झाले, तेही.

2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी विमानाने मुंबईला आणलं होतं. त्यांचं ऑपरेशन वेगळ्या प्रकारचं होतं. तेव्हा टीव्हीवर आज किती किलो उतरले हे आम्ही घरात बसून पाहायचो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचं निधन झालं. ती बाई कशी आहे, हे त्या दिवसांत माझ्या मनात कधी आलं नाही. भाचीच्या बाबतीतही मी किलोच मोजत राहिले.

तिच्या ऑपरेशनला आता दीड वर्ष झालंय. चोवीस किलो गेले. मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत, धावीर महाराजांच्या देवळापर्यंत चालत जाते. तरी फोनवर रडायची. "तुझे चाळीस गेले मावशी, माझंच काय चुकलं?" माझ्या एका आकड्यापायी तिला स्वतःची सुटलेली साखरही दिसत नव्हती.

गेल्या रविवारी दिव्याहून येणाऱ्या गाडीने रोह्याला गेले. वजनाची वही पिशवीत होती. कासू, नागोठणे, निडी करत गाडी जात होती आणि प्रत्येक स्टेशनला वाटत होतं, आज नको, पुढच्या खेपेला. तिच्या स्वयंपाकघरात बसून वही उघडली आणि 80 वर बोट ठेवलं. श्रावणातलं 77 ही दाखवलं. तिने तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होतीस ना, ती मला हवी होती," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. उठून चहाचं आधण ठेवलं, आणि वही माझ्याकडे परत न देता ओट्यावर स्वतःजवळच ठेवून घेतली.