रोजची भाकर आणि पाचशेची तूट

आमची आजी नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतली. तिचा देवाशी रोजचा व्यवहार. दूध नासू नये इथपासून एसटी वेळेवर यावी इथपर्यंत सगळं त्याच्या कानावर घालायची. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. देवाकडे किरकोळ अर्ज करू नयेत, मोठ्या कामासाठी पत राखून ठेवावी, हे माझं धोरण.

"अरे, प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरसुद्धा आजच्यापुरतीच मागितलीय," आजी म्हणायची. निर्गमातला मान्ना तर मुदत ठेवीच्या मुळावरच येतो. इस्राएली लोकांनी तो रोजच्यापुरता गोळा करायचा. सकाळपर्यंत ठेवला की किडे! फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट उचलायची मुभा. सुट्टीच्या आदल्या दिवशी आमच्या काउंटरवर जी झुंबड उडते, तिचं मूळ इतकं प्राचीन असेल असं वाटलं नव्हतं.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना मला काळजी वाटते ती लक्ष्मीबाईंच्या पिठाच्या डब्याची. (बावीस वर्षांच्या नोकरीचा परिणाम, दुसरं काय!)

तर मध्यंतरी एकदा कॅश पाचशेनं कमी भरली. तूट रोखपालानं खिशातून भरायची. तीनदा मोजलं, मशीनलाही मोजायला लावलं. शेवटी टेबलाखाली गुपचूप हात जोडले. किरकोळ अर्जच की हा! आणि अर्ध्यात ध्यानात आलं, देव काही नोट छापणार नाही. तो अधिकार रिझर्व्ह बँकेचा. जादा नोट ज्याच्याकडे गेली त्याच्या मनात देवानं शिरायचं, मग त्या गृहस्थानं चपला घालून बँकेत यायचं. म्हणजे माझी प्रार्थना हा परक्याच्या प्रामाणिकपणावर काढलेला चेक!

तो वटला नाही. पाचशे भरले. त्या गृहस्थाला मनातल्या मनात दोन दिवस शिव्या दिल्या.

रविवारी उपासनेहून येताना वाण्याकडून सामान घेतलं. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर दिसलं, बिलात तेलाची पिशवी धरलेलीच नाही. ऊन रणरणत होतं. उद्या देऊ म्हणून चार पावलं पुढे गेलोसुद्धा. पण संध्याकाळी हिशेब जुळेना म्हणून त्यानं आपल्या देवापुढे हात जोडले, आणि तिकडून चपला घालायचा हुकूम माझ्याच नावावर सुटला तर?

मुकाट्यानं परत फिरलो.

"साहेब, अगदी देवासारखे आलात!" वाणी वही उघडत म्हणाला, "तुमची मागची एकशेचाळीसची उधारी राहिलीय, ती आठवण करायची विसरलोच होतो."