ओल्या पोत्यातले शंभर दाणे

मेलेला दाणा आणि झोपलेला दाणा तळहातावर सारखेच दिसतात. आत जीव आहे का, हे विचारायचं तर ओल द्यावी लागते. ओल दिली की उत्तर मिळतं, पण तो दाणा पुन्हा कणगीत जात नाही.

मृगाच्या आधी शेतकरी ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, रोज पाणी शिंपडतो. आठवडाभराने गुंडाळी उलगडते. सत्तर कोंब आले तर बियाणं पेरणीजोगं. सोयाबीनची साल इतकी नाजूक की पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो आणि बाहेर ओरखडासुद्धा दिसत नाही. घटस्थापनेला मातीत पेरलेल्या धान्याकडे पाहताना मला हीच उगवण-चाचणी आठवते. देवापुढे मांडलेला तोच प्रश्न.

बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे : दाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीची उष्णता पाच अंशांनी उतरली की पुन्हा दुप्पट. उन्हात खडखडीत वाळवून, राख कालवून, सारवलेल्या कणगीत भरलेली ज्वारी याच वाटेने टिकत आली.

आंब्याची कोय मात्र हे मानत नाही. फणसाची आठळीही नाही. वाळवली की मेली. त्यांची साठवण म्हणजे लावणी.

बी उजेड ओळखतं. 1952 मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी भिजलेल्या लेट्यूसच्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला, बिया उगवल्या. त्यावर अतितांबडा टाकला, थांबल्या. पुन्हा तांबडा, पुन्हा उगवल्या. कितीही वेळा आलटूनपालटून टाका, बी शेवटच्या झोताचं ऐकतं.

रोप अंधार मोजतं. हॅमनर आणि बॉनर यांनी 1938 मध्ये एका काटेरी तणाच्या लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला. फुलं आली नाहीत. रात्र तुटली होती. कोकणातला गरवा भात लवकर लावा की उशिरा, रात्री पुरेशा लांबल्याशिवाय तो पोटरीत येत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन, बाकीचं शेत पिवळं पडलं तरी, हिरवंच उभं असतं. त्याची रात्र आपण काढून घेतलेली असते. झाडाकडून आपण काय काय घेतो याच्या हिशेबात अंधार कुणी धरत नाही.

साठवलेलं बी जपायला माणसं लागतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात तिथल्या बीजसंग्रहातले संशोधक धान्याच्या पाकिटांमध्ये बसून उपासमारीने मेले. भाताचे संशोधक दिमित्री इव्हानोव त्यांतलेच. हा संग्रह उभा करणारे निकोलाय वाव्हिलोव 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारले. मरणाऱ्यांना ठाऊक होतं की पाकिटातला दाणा तिथेही म्हातारा होतोय. कुणीतरी तो वेळेवर पेरायला हवा, नवं बी धरून पाकीट पुन्हा भरायला हवं. ज्यांच्यावर त्यांनी हे काम सोपवलं, ती माणसं त्यांना दिसणार नव्हती.

1879 मध्ये मिशिगनच्या शेतकी महाविद्यालयात विल्यम बील यांनी वीस बाटल्या पुरल्या. ओलसर वाळूत मिसळलेलं तणांचं बी, प्रत्येक जातीचे पन्नास दाणे. प्रश्न शेतकऱ्याचाच होता : किती वर्षं खुरपलं म्हणजे मातीतलं तण संपेल? आधी दर पाच वर्षांनी एक बाटली निघे, मग दहा, आता वीस. बील 1924 मध्ये वारले. 2021 मध्ये सोळावी बाटली पहाटेच्या अंधारात उकरली गेली, बियांवर उजेडाची तिरीपही पडू नये म्हणून. त्यांतल्या एका पिवळ्या फुलांच्या तणाला कोंब आले.

पुढची बाटली 2040 मध्ये, शेवटची 2100 मध्ये. चार उरल्यात, जमिनीखाली, पाणी शिरू नये म्हणून तोंड खाली करून ठेवलेल्या.