गाठ काढायची की स्तन?

स्तनात कर्करोगाची गाठ निघाली की सगळा स्तन काढला म्हणजेच उपचार पूर्ण झाला, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून स्तन राखणे म्हणजे एक तर अर्धवट काम, नाही तर शहरातल्या पैसेवाल्यांची हौस, असे मानले जाते. सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब आणि पुणे त्याहूनही दूर असलेल्या अकलूजमध्ये या समजुतीला अंतराचाही आधार मिळतो. माझ्या मते स्तन राखणारी शस्त्रक्रिया हा पूर्ण उपचार आहे, आणि माळशिरस तालुक्यातल्या बाईला तो नाकारण्यासाठी दिली जाणारी बहुतेक कारणे तपासल्यावर टिकत नाहीत.

स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढण्याची पद्धत अमेरिकेतले सर्जन हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. जितके जास्त कापावे तितका रोग मुळासकट निघतो, हा त्यामागचा विचार. तो प्रत्यक्ष तपासायला पाऊणशे वर्षे गेली. मिलानमध्ये सर्जन व्हेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या 701 स्त्रियांवर, तर अमेरिकेत सर्जन फिशर यांनी 1976 पासून चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या 1,851 स्त्रियांवर स्तन काढणे आणि राखणे या दोन्ही पद्धती पडताळल्या. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. आयुर्मानात फरक नव्हता. स्तन राखला तर त्याच जागी रोग उलटण्याचा धोका मात्र थोडा जास्त राहतो, हे लपवण्याचे कारण नाही. मिलानमध्ये तो सुमारे नऊ टक्के होता, स्तन काढलेल्यांत दोन टक्क्यांच्या आसपास. पण अशा उलटलेल्या रोगावर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, आणि त्यामुळे मृत्यू वाढले नाहीत. खरी अट रेडिएशनची आहे. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन न दिलेल्या 39 टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग परतला, रेडिएशन दिलेल्यांत 14 टक्क्यांत.

गाठ मोठी आणि स्तन लहान असेल तर नुसती गाठ काढल्यावर स्तन ओढला जातो, खड्डा पडतो. यासाठी गेल्या तीसेक वर्षांत ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया विकसित झाली. उरलेल्या ऊती सरकवून पोकळी भरायची, किंवा पाठीचा स्नायू, काखेखालची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसह वळवून आणायची. पॅरिसचे सर्जन क्लॉव यांच्या वर्गीकरणानुसार यांतल्या ऊती सरकवण्याच्या पद्धतींनी स्तनाचा वीस ते पन्नास टक्के भाग काढूनही आकार सावरता येतो. आकाराची धास्ती नसल्याने सर्जनला गाठीभोवतीची निरोगी कड अधिक रुंद घेता येते. त्यामुळे या तंत्राला केवळ सौंदर्याची बाब म्हणणे चुकीचे आहे. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनमध्ये अशा शस्त्रक्रिया होत आहेत.

सर्वांत गंभीर आक्षेप रेडिएशनच्या फेऱ्यांचा आहे. ऊसतोडीच्या हंगामात मजुरी बुडवून पाच आठवडे शहरात कोण राहणार? एकेकाळी हा प्रश्न निरुत्तर करणारा होता. पुढे पंचवीस बैठकांच्या जागी तीन आठवड्यांत पंधरा बैठका पुरेशा ठरल्या, आणि 2020 मध्ये ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासाने एका आठवड्यातल्या पाच बैठकाही पाच वर्षांच्या निकालांत तितक्याच परिणामकारक असल्याचे दाखवले. शिवाय या आक्षेपात एक गोष्ट विसरली जाते. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या चार किंवा अधिक लसिकाग्रंथींत रोग पोचला असेल, तर स्तन काढल्यावरही रेडिएशन घ्यावेच लागते. उशिरा आलेल्या ग्रामीण रुग्णांत हीच स्थिती वारंवार दिसते. म्हणजे स्तनही जातो आणि शहराची वारीही चुकत नाही.

उशिरा येणे हे नशीब नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव माहिती दिल्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे तिथल्या नोंदींतून दिसले. मुंबईत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासूनही पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. आशाताईंना हे काम शिकवता येणार नाही, असे म्हणायला आधार नाही.

“आता या वयात स्तन राखून काय करायचंय?” हा प्रश्न घरचे विचारतात, आणि बाईने उत्तर देण्याआधीच निर्णय होतो. तिला सगळा स्तन काढून मोकळे व्हायचे असेल, तर तोही तिचा हक्क आहे. काहींना ते करावेच लागते: रोग स्तनात अनेक ठिकाणी पसरलेला, त्वचेसह सूज आलेला प्रकार, किंवा रेडिएशन देता येणार नाही अशी प्रकृती. पण निवड करायला दुसरी वाट आधी सांगितलेली हवी. म्हणून आधी सुईने बायोप्सी, मग सर्जन, किमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर यांचा एकत्र विचार, आणि त्यानंतरच सुरी, हा क्रम अकलूजच्या रुग्णालयांनीही पाळायला हवा. गाठ मोठी असेल तर आधी किमो देऊन ती लहान करता येते. त्यासाठी किमोपूर्वीच गाठीत धातूची बारीक क्लिप बसवावी लागते, कारण गाठ विरघळून गेल्यावर ती नेमकी कुठे होती हे सर्जनला कळण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग क्वचितच उरतो.