दया हा शाळेचा विषय होऊं शकतो काय?

प्राथमिक शाळेंत वाचन, लेखन व गणित यांबरोबर आपला राग ओळखणें, दुसऱ्याचें दुःख जाणणें आणि भांडण मिटविणें हेंही शिकवावें, असें पुष्कळ शिक्षणवेत्ते म्हणतात. वाचकांपैकीं कित्येक म्हणतील, हें काम आईबापांचें. गुरुजींनीं त्यांत कां पडावें? परंतु जेथें आईबाप पहांटेस मजुरीला जाऊन दिवेलागणीस परततात, तेथें मुलाचा जागेपणींचा बहुतेक वेळ सोबत्यांतच जातो. तें कांहीं ना कांहीं शिकतच असतें. प्रश्न एवढाच कीं काय.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दया अंतःकरणांतून यावयाची. ती तासांत शिकविली तर मूल केवळ तिचें सोंग शिकणार नाहीं काय? कॅनडांत मेरी गॉर्डन ह्या बाईंनीं १९९६ सालीं टोरांटो शहरीं जो उपक्रम आरंभिला, त्यावरून कांहीं उत्तर मिळतें. त्यांत व्याख्यान नसतें. शेजारचें एक तान्हें बाळ आईबरोबर वर्गांत येतें व वर्षभर पुन्हा पुन्हा येत राहतें. बाळाला काय वाटत असेल तें मुलांनीं ओळखावयाचें, आणि तेथून आपल्या स्वतःच्या मनाकडे वळावयाचें. ज्या मुलाला स्वतःची भीति सांगावयास लाज वाटते, तेंही बाळाच्या भीतीविषयीं मोकळेपणीं बोलूं शकतें. येथें सोंगास जागा थोडीच. बाळाला कोण फसविणार?

दिल्ली सरकारानें २०१८ सालीं पहिली ते आठवीच्या वर्गांसाठीं ४५ मिनिटांचा आनंदाचा तास सुरू केला, व त्यास परीक्षा ठेविली नाहीं. हें मला फार शहाणपणाचें वाटतें. दयेला गुण मिळूं लागले कीं मुलें गुणांसाठींच दया करूं लागतील.

तथापि सर्वच भोळेपणानें मानूं नये. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा २१३ उपक्रमांचा व २,७०,००० हून अधिक मुलांचा विचार होऊन वर्तन व अभ्यास दोन्ही सुधारल्याचें आढळलें. उलट ब्रिटनमध्यें ८,००० हून अधिक किशोरांवर केलेल्या प्रयोगांत (२०२२) मन एकाग्र करण्याच्या पाठांपासून नेहमींच्या शिकवणीपेक्षां अधिक हित झालेलें दिसलें नाहीं.

माझी खरी शंका निराळी आहे. समजा, माठावर पाणी पिण्यास गेलेल्या मुलीला सोबती जातीवरून हिणवितात व ती चिडून एकाला ढकलते. गुरुजींनीं तिलाच डोळे मिटून संथ श्वास घ्यावयास सांगितलें, तर तें शांतीचें शिक्षण नव्हे, अन्यायाची सोय होय. तिनें ढकलूं नये हें खरें, पण तिचा राग खोटा नाहीं. तो कां आला तें साऱ्या वर्गानें ऐकलें पाहिजे. हिणविणाऱ्याला कान धरून 'चुकलों' म्हणावयास लाविलें तरी पुरत नाहीं. कित्ता गिरवितां गिरवितां अक्षरास वळण येतें, तसा शब्दामागून भाव येऊं शकतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु कित्ता घालून देणाऱ्याचेंच अक्षर वांकडें असेल तर? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें मुलांस मारणें व मनस्ताप देणें मना केलें आहे. तरी 'तुमच्यांत असेंच' हा एक उद्गार छडीहून खोल जातो, आणि मुलांनीं तो कोणाच्या तोंडून ऐकिला हें शोधूं गेल्यास बोट कधीं घराकडे, कधीं गुरुजींच्या खुर्चीकडे वळतें. त्या वर्गांत दयेचा तास घेण्यापूर्वीं गुरुजींनीं मधल्या सुट्टींत माठाजवळ उभें राहावें, आणि ओगराळें कोणाच्या हातीं जातें व कोणाला वरून पाणी ओततात तें पाहावें.